पार्ट टू ऑर्डरमध्ये न आलेलं लग्न

मी फौजेत सव्वीस वर्षं काढली, त्यातली तेवीस टाइपरायटरसमोर. कारगिलच्या वेळी हवालदार क्लार्क होतो, पुढे सुभेदार होऊन बाहेर पडलो. हे आधीच सांगून टाकतो. आमच्या जबलपूरच्या रांझी भागात चौकात चहा प्यायला बसलं की कोणीतरी विचारतोच, "अंकल, आपने कितनों को मारा?" माझं डोकं फिरतं. मी कोणाला मारलं नाही, बाबा. मी रजा लावल्या, बदल्या टाइप केल्या, जवानांच्या बायकापोरांची नावं रजिस्टरात चढवली. आणि त्या उन्हाळ्यात एक सिग्नल टाइप केला. त्याबद्दल घरात कधी बोललो नव्हतो.

आमच्या पूर्व सैनिकांच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा म्हणून मुलीने महिनाभर माझं डोकं खाल्लं. "पप्पा, कुछ जोशवाला लिखना." जोशवालं माझ्याजवळ नाही. जे आहे ते लिहून राहिलो. छापायचं तर छापा.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. जवानाचं लग्न मांडवात लागो की देवळात, फौजेसाठी ते कागदावर लागतं. गावाहून दाखला येतो. क्लार्क तो तपासतो. मग पार्ट टू ऑर्डर निघते, अमुक जवानाचा अमुक तारखेला अमुकशी विवाह. ती निघाली की ती बाई फौजेच्या लेखी बायको. नाही निघाली तर तिने गळ्यात चार मंगळसूत्रं घातली तरी ती कोणी नाही. आमच्या बटालियनमध्ये या ऑर्डरी मी टाइप करायचो. शेकड्यांनी केल्या, एकीत चूक सापडली नाही. याचा मला माज होता.

वसंत ढोके अल्फा कंपनीत लान्स नायक होता. छिंदवाडा जिल्ह्यात सौंसरच्या पुढे सहा किलोमीटरवर त्याचं गाव. तो सगळा भाग आपल्याच बोलीचा. बटालियनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून एकमेकांना धरून होतो. हडकुळा, उंच, आणि खायला बकासुर. लंगरमध्ये दोनदा ताट भरून घ्यायचा आणि कुकने पकडलं की म्हणायचा, "उस्ताद, एक क्लर्कसाब का है." माझं नाव त्याने किती वेळा वापरलं असेल, मोजदाद नाही. माझी धाकटी बहीण सुनंदा, घरात आम्ही नंदा म्हणतो, तिच्यासाठी हे स्थळ मीच बाबांना सुचवलं. बाबा रांझीच्या कारखान्यात फिटर होते. ते एवढंच म्हणाले, "तू चोवीस तास पाहतोस त्याला. तू म्हणतोस तर हो."

दोघांची रजा मी एकदम लावली. मेच्या सुरुवातीला आलो. वैशाखात साखरपुडा झाला. वैशाखातच लग्नही उरकता आलं असतं, मुहूर्त होते. पण शालू यायचा होता, जबलपूरच्याच गोरखपूर बाजारातल्या टेलरकडे ब्लाउज पडले होते, बाबांना कारखान्यातून सुटी नव्हती. म्हटलं, निवांत करू. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. म्हणजे आधी धोंड्याचा महिना, त्यात लग्नकार्य होत नाही, आणि मग निज ज्येष्ठ. निज ज्येष्ठातला पहिला चांगला मुहूर्त धरला. रजा तोवर पुरत होती. सगळं कसं नीट बसवलं होतं मी.

मंगळवारी सकाळी आठ दहाला तार आली. लीव्ह कॅन्सल्ड, रिपोर्ट युनिट फोर्थविथ. बातम्यांत वर कारगिलकडे काहीतरी पेटल्याचं ऐकत होतोच. अर्ध्या तासात शेजारच्या मुन्नाभैयाने हाक मारली. त्याचं किराणा दुकान, त्यात फोन, आणि दारात कमांडर जीप. ती रांझी ते कमानिया गेट सवाऱ्या न्यायची. फोनवर वसंत होता, सौंसरच्या पीसीओवरून.

"दादा, तार आली?"

"आली."

"उद्या नागपूरहून संध्याकाळी आठची गाडी आहे. दोघं संगंच जाऊ."

"ठीक."

मग त्याने आवाज खाली आणला. पीसीओत मागे कोणी उभं असावं. "दादा, नंदाला घेऊन या. लग्न लावून जाऊ."

"धोंड्याचा महिना आहे, वसंता."

"मालूम आहे. तिला विचारा."

नंदा तेव्हा बावीस वर्षांची. आंगण झाडत होती. मी विचारलं. तिने झाडू ठेवला, हात धुतले, आणि म्हणाली, "काय न्यायचं ते सांग." आईने मात्र कपाळाला हात लावला. मलमासात लग्न! जगबुडी झाली तरी कोणी करत नाही. दोन तास रडून झाल्यावर तीच म्हणाली, "हा देवाचा महिना. देव आपल्याच महिन्यात आपलं वाईट काहून करेल?" आणि उठून अनारशाचं पीठ काढलं. अधिक महिन्यात देवाला वाण द्यायचं म्हणून ते तिने आधीच करून ठेवलं होतं. या महिन्यात जावयालाही तेहतीस अनारसे देतात. दुपारभर ती चुलीसमोर बसली. डालड्याच्या रिकाम्या डब्यात तेहतीस मोजून भरले.

मी आणि बाबा सायकलने कमानिया गेटच्या सराफ्यात गेलो. मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. आम्ही माहेरची घेतली आणि काळ्या पोतीत ओवून आणली. दुसरी जागा मोकळी ठेवली. सोनार म्हणाला, "एक ही?" बाबा म्हणाले, "दूसरी वहाँ मिलेगी."

बुधवारी साडेपाचला निघालो. मुन्नाभैया चालवत होता, पुढे बाबा. मागे आई, नंदा आणि मी. नंदाच्या मांडीवर डबा. बरगी, धूमा, लखनादौन. रस्ता म्हणजे नुसते खड्डे, मधेमधे डांबर. लखनादौनला आठ चाळीसला मिलिटरी पोलिसाने अडवलं. तिरपाल बांधलेले फौजी ट्रक एकामागे एक जाऊन राहिले होते. सवयीने मी मोजत बसलो. बासष्ट. काय भरलं असेल ते मला कळत होतं, बाकीच्यांना नव्हतं. मुन्नाभैया टाळ्या वाजवून म्हणाला, "वाह, भैया! अब देखो मज़ा!" बाबांनी जन्मात पहिल्यांदा कोणाला शिवी दिली असेल तर ती तेव्हा.

सिवनीला पोहे खाल्ले. नंदाने खाल्ले नाहीत. चौरईच्या पुढे तिने मला हळूच विचारलं, "वर थंडी किती असते, दादा?" मी म्हटलं, "असते." तिने एक स्वेटर आणला होता, अर्ध्या बाहीचा. बाह्या व्हायच्या राहिल्या होत्या. सिल्लेवानीच्या घाटात सव्वाला टायर फुटलं. लू चालू होती. स्टेपनी बदलायला चाळीस मिनिटं गेली आणि आई सारखी म्हणत राहिली की हा शकुन आहे, परत फिरा. नंदा रस्त्याच्या कडेला पळसाखाली डबा घेऊन उभी राहिली, जागची हलली नाही. दोन पन्नासला गावात पोहोचलो.

वसंताची आई आधीच वारली होती. घरात वडील, तात्याजी. त्या वेळी गावचे सरपंच. पांढरी टोपी, कडक माणूस, शब्दाला पक्का. आम्हाला पाणी दिलं, गूळ दिला, आणि सरळ नाही म्हणाले.

"मलमासात माह्या घरात मंगल कार्य होत नाही जी. सात पिढ्यांत झालं नाही."

वसंत म्हणाला, "तात्या, मी साडेचारला निघून राहिलो. नवरा म्हणून निघू द्या."

"आल्यावर कर ना. कोण नाही म्हणते?"

"आल्यावर पुन्हा करीन. वाजतगाजत करीन. आज हे करू द्या."

म्हातारा बराच वेळ अडकित्ता हातात धरून बसला. सुपारी कातरली नाही. मग उठून माजघराची दारं लावली, खिडक्या लावल्या. गावच्या महाराजांनी अधिकात मंत्र म्हणायला साफ नकार दिला होता, त्यामुळे भटजी नाही. अंतरपाट नव्हता, माझी हिरवी फौजी चादर धरली, एक टोक बाबांनी, एक मी. मंगलाष्टकं मला दीडच येत होती. ती दीड मी म्हटली. दुसऱ्यात अडखळलो तर चादरीपलीकडून वसंत म्हणाला, "क्लर्कसाब, आगे बढ़ो, गाड़ी छूट जाएगी." नंदा हसली. आई रडता रडता हसली. चादर खाली केली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सवय. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने ते एका वाटीचं मंगळसूत्र बांधलं. तात्याजींनी अक्षता टाकल्या, पण दुसरी वाटी काढली नाही. म्हणाले, "आमची वाटी मुहूर्तावर."

मग कागद. ग्रामपंचायतीचं लेटरहेड आणि शिक्का त्यांच्या घरीच होता. मजकूर मी लिहिला. तारखेशी आलो तर तात्याजींनी माझा हात धरला.

"इथं धोंड्याचा महिना मांडू नका जी."

"तात्याजी, आजची तारीख लागते."

"उद्या गावातले म्हणतीन, सरपंचानंच मलमासात पोराचं लग्न केलं. मुहूर्ताची तारीख टाका. तवापर्यंत पोरगा येते वापस. मंग सगळं खरंच होते ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वसंत बूट बांधत होता. "टाका दादा," तो म्हणाला. "चार हप्त्यांचा तर प्रश्न आहे."

नंदाने विचारलं, "दादा, असं चालते का?"

खोलीत कागदाचं कळणारा माणूस एकच होता. मी. एवढी वर्षं मी जवानांना ओरडत आलो होतो, तारीख खरी टाक, तारीख खरी टाक. पण बहिणीचा सासरा झालेला माणूस हात धरून बसला होता, गाडीला उशीर होत होता, आणि लढाई महिन्याभरात आटोपेल असं मलाही वाटत होतं. मी म्हटलं, "चालते. त्या दिवशी मी ऑर्डर काढीन." आणि मुहूर्ताची तारीख लिहिली, सुंदर अक्षरात. तात्याजींनी खाली सही केली, जांभळा शिक्का मारला. मी कागद घडी करून फाइलच्या प्लास्टिकात ठेवला.

लग्न झाल्याचं गावाला कळायचं नव्हतं, म्हणून नंदाला सासरी ठेवता येत नव्हतं. ती आमच्याबरोबर जीपमध्ये नागपूर स्टेशनापर्यंत आली. मागच्या सीटवर दोघं शेजारी बसले, मधे डबा. दोन-अडीच तास. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मुद्दाम पुढे बसलो होतो. प्लॅटफॉर्मवर ती म्हणाली, "अनारसे सगळ्यांना द्या." तो म्हणाला, "कोणाला देत नाही." गाडी आठ दहाला सुटली. तिचं सगळं लग्न एवढंच. चार दहा ते आठ दहा.

वर पोहोचायला तीन दिवस लागले. तो कंपनीबरोबर पुढे गेला, मी खाली बटालियन रिअरला, म्हणजे पिछाडीच्या तळावर, तंबूत. टाइपरायटर, रजिस्टरं, एक वायरलेस सेट आणि अ‍ॅडज्युटंट साहेब. बटालियनचं कागदोपत्री काम पाहणारे कॅप्टन होते, सव्वीस वर्षांचे, चार दिवसांची दाढी. तोफा चालूच असायच्या, कपातला चहा हलायचा. वसंताने एकदा खाली येणाऱ्या पोर्टरजवळ चिठ्ठी पाठवली. "अनारसे नऊ उरले. स्वेटर छोटा आहे. तिला सांगू नका."

लग्नाच्या सोळाव्या दिवशी सकाळी सहा वीसला सेट बोलला. अल्फाने रात्री एक टेकडी घेतली होती.

"अल्फा फॉर रिअर. कॅज्युअल्टी रिपोर्ट. नोट डाउन. ओव्हर."

"रिअर. सेंड. ओव्हर."

ऑपरेटर नंबर, रँक, नाव अशा क्रमाने सांगायचा. आम्ही क्लार्क लोक नावाने जवान ओळखत नाही, नंबराने ओळखतो. चौथ्या नंबरचे शेवटचे आकडे ऐकले आणि मला नाव ऐकायची गरज उरली नाही. ऑपरेटरने नाव सांगितलंच. माझा हात लिहीत राहिला. लिहून झाल्यावर मी म्हटलं, "रॉजर. आउट." पाणी प्यायलो. ते नाकातून बाहेर आलं.

कॅज्युअल्टी सिग्नल लगेच निघावा लागतो. एक कॉलम असतो, नेक्स्ट ऑफ किन. कोणाला कळवायचं. रजिस्टरमध्ये वसंताच्या नावापुढे होतं, वडील. मी प्लास्टिकमधून दाखला काढला आणि अ‍ॅडज्युटंटसमोर ठेवला.

"सर, ये शादीशुदा था. मेरी बहन है."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग कागद वाचला. पुन्हा वाचला.

"ये तारीख तो अभी आई ही नहीं."

"सर."

"ग्यारह दिन बाद की है."

"सर, शादी हो चुकी है. मैं वहीं खड़ा था."

"मैं मानता हूँ. काग़ज़ नहीं मानता." त्यांनी कागद परत दिला. "अभी रिकॉर्ड वाला नाम भेजो. सही तारीख का काग़ज़ मँगवा लो, मैं ख़ुद साइन करूँगा."

ते बाहेर गेले. तंबूत मी, टाइपरायटर आणि तो कागद. तारीख माझ्याच अक्षरात होती. टेबलावर ब्लेड होतं, शाईही तीच. दोन मिनिटांचं काम. महिना खरवडायचा, दिवस बदलायचा, साहेबांना सांगायचं, सर, वाचण्यात चूक झाली. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. मी ब्लेड उचललं आणि खाली ठेवलं. जन्मभर ज्या कागदाला देव मानलं त्यावर ब्लेड चालवायला माझा हात धजला नाही. माझी बहीण त्या एका कॉलमात बसणार होती आणि मी नियम पाहत बसलो. सहा पन्नासला टाइप केलं. नेक्स्ट ऑफ किन, फादर.

त्याच दिवशी तात्याजींना पाठवायचं शोकपत्र लिहिलं. ते हाताने लिहायचं असतं, सही सीओ साहेबांची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची. त्यातही मी लिहिलं, आपके सुपुत्र. पत्नीचा उल्लेख नाही, कारण रिकॉर्डला पत्नी नव्हती. मग त्याच्या किटची यादी केली. स्वेटर, हाफ स्लीव्ह, एक. टिन बॉक्स, रिकामा, एक. नऊ अनारसे त्याने कधी संपवले कोण जाणे. तो कसा गेला हे त्याच्या सेक्शनच्या नायकाने नंतर सांगितलं. टेकडी हातात आली होती. खाली साठ पावलांवर एक जखमी पडला होता, त्याला आणायला उतरला. आणला. दुसऱ्यासाठी उतरला, तेव्हा तोफगोळ्याचं स्प्लिंटर लागलं.

सगळं किट नियमाप्रमाणे वडिलांकडे गेलं. आईचा डबासुद्धा.

मला खाली जायला मिळालं नाही. पुढचं बाबांनी सांगितलं. रांझीला तार नाही, फोन नाही. काहून येईल? तिसऱ्या दिवशी मुन्नाभैया पेपर घेऊन दारात उभा राहिला, वसंताच्या नावावर बोट ठेवून. तसेच जीपमध्ये बसले. तोच रस्ता. पोहोचले तेव्हा शाळेच्या मैदानात माणसांचा समुद्र, बांबूचे कठडे. पोलिसाने अडवलं. "आप कौन?"

नंदा म्हणाली, "पत्नी."

त्याने हातातली यादी पाहिली. "पत्नी तो लिखा नहीं है, बहनजी. पीछे हो जाइए."

ती मागे झाली. तात्याजींनी तिला पाहिलं होतं, बाबा शपथेवर सांगत. पाहिलं आणि मान वळवली. तिरंगा घडी करून त्यांच्या हातात दिला. सलामी झाली. नंदाने एका वाटीचं मंगळसूत्र पदराखाली धरलं होतं. लोक विचारत होते, ही कोण? कोणीतरी म्हणालं, साखरपुडा झाला होता म्हणे बिचारीचा.

ऑक्टोबरात मला रजा मिळाली. स्टेशनवरून घरी न जाता थेट सौंसर गाठलं. कोरं लेटरहेड मागितलं, खरी तारीख टाकू म्हटलं. म्हातारा पार वाकला होता. पण आवाज तोच.

"लग्न कोणतं जी?"

"तात्याजी, तुम्ही अक्षता टाकल्या."

"धोंड्यात लग्न लावाचा हट्ट तुमचा. म्या नाही म्हटलं होतं. आयकलं कोणी? माहा पोरगा गेला." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आता म्या माह्या हातानं लिहून देऊ, का मलमासात लग्न लावलं म्हणून? म्हणजे म्याच त्याले मारलं असं लिहून देऊ?"

मला राग आला होता, त्यांच्या अंगावर जाईन इतका. आणि त्याच वेळी समजतही होतं. त्यांच्यासाठी त्या तारखेनेच मुलगा खाल्ला होता. भिंतीवर वसंताचा फोटो, शेजारी फ्रेममध्ये शोकपत्र. कोपऱ्यात डालड्याचा डबा, त्यात तांदळाच्या कण्या. मी बॅग उचलून बाहेर आलो. ते दहा वर्षांनी गेले. पैशाचा लोभ त्यांना नव्हता, ते मी कधी म्हणणार नाही. जे मिळालं त्यातून त्यांनी गावच्या शाळेला खोल्या बांधल्या, मुलाच्या नावाच्या.

नंदा रांझीच्या शाळेत मास्तरीण झाली. फॉर्मवर विवाहित लिहिलं तर बाबूने पतीचा कागद मागितला. अविवाहित लिहा म्हणाला, नाहीतर विधवेचा दाखला आणा. दोन्ही तिच्याजवळ नव्हतं. त्या रकान्यात तिने रेघ मारली. पुढे सगळीकडे रेघच. आमच्या आईनेच नंतर स्थळं आणायला सुरुवात केली. "साखरपुडाच तर मोडला ना, कोणाला काय माहीत?" म्हणायची. जिने तेहतीस मोजून भरले ती असं म्हणत होती. नंदा प्रत्येक वेळी पाहुण्यांना चहा द्यायची आणि त्यांच्यासमोर पदर सारून मंगळसूत्र दाखवायची. पाहुणे उठायचे. आईबाबा दोघं गेले. नंदा माझ्याच घरात, मागच्या खोलीत राहते. माझी मुलगी तिला "आत्तू" म्हणते आणि हिंदीत बोलते. तिला यातलं काही माहीत नाही.

यंदा पुन्हा ज्येष्ठ अधिक आला. मधे दोनदा येऊन गेला, तेव्हा नंदाने घरात त्याचं नाव काढू दिलं नव्हतं. यंदा तिने न बोलता तांदूळ भिजत घातले. गेल्या गुरुवारी सकाळी दहाला ती कढईसमोर बसली होती. मी हे लिहायचे कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. इतकी वर्षं जमलं नाही ते तेव्हा कसं जमलं, सांगता येत नाही.

"नंदे, तो सिग्नल मी टाइप केला होता. वडिलांचं नाव मी टाकलं."

तिने झाऱ्याने अनारशावर तूप उडवलं. अनारसा उलटत नाहीत, वरून तूप उडवत राहावं लागतं. "माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तेराव्याला गेले होते ना मी, दाराबाहेरून. फौजेचं पत्र तात्याजींच्या भिंतीवर होतं, त्यात माझं नाव नव्हतं. तुझं अक्षर मला कळत नाही का? लहानपणी माझ्या वह्यांवर नाव तूच घालायचास."

मी विचारलं, "मग बोलली काहून नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले." तिने अनारसा काढून ताटलीत ठेवला. "सत्तावीस वर्षं तुझ्या तोंडाकडे पाहून राहिले, दादा. मी विचारलं होतं, असं चालते का. तू चालते म्हणालास. मी तुझ्यावर सोडलं होतं."

मी माफी मागितली. तिने ऐकलं, माफ केलं असं काही म्हणाली नाही. मला ते बरोबर वाटलं. थोड्या वेळाने तिने माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"काय लिहून राहिलास?"

"स्मरणिकेसाठी. फौजेच्या आठवणी."

"मग त्यात लिही. आणि तारीख खरी लिही. धोंड्याचा महिना लिही. लाजू नको."

गॅस बंद करून ती मोजू लागली. तेहतीस झाले. डबा नवा होता, स्टीलचा. जावयाचं वाण माहेराने द्यायचं असतं आणि माहेर म्हणून आता मीच उरलो आहे. उद्या सकाळी साडेपाचच्या बसने मी तो डबा घेऊन सौंसरला निघतो. शाळेच्या दारात त्याचा अर्धपुतळा आहे, तिथे ठेवीन. नंदाला विचारलं, चलतेस का? ती म्हणाली, "आधी छापून येऊ दे."

तर घ्या. सुभेदार क्लार्क, निवृत्त, यांच्या हातून, सत्तावीस वर्षं उशिरा.

पार्ट टू ऑर्डर. लान्स नायक वसंत ढोके, अल्फा कंपनी. विवाहित. पत्नी, सुनंदा वसंत ढोके, राहणार रांझी, जबलपूर. विवाह, अधिक ज्येष्ठ महिना, बुधवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, वधूचा भाऊ समक्ष हजर. त्याच अधिक ज्येष्ठात, दुसऱ्या जखमीला आणायला उतरताना धारातीर्थी पडला. नेक्स्ट ऑफ किन, पत्नी.